राजीखुशीने

चाळीस वर्षं लोकांचे दस्त लिहिण्यात घालवलेल्या म्हाताऱ्याला त्याचा लेक कायदा शिकवत होता. "बाबा, तुम्ही मला मुखत्यारपत्र करून द्या. तुमचं सगळं मी बघेन. तुम्ही नुसती सही ठोकायची, वाचत बसायचं नाही. आणि ते पुन्हा रद्द करता येणार नाही असं कलम घाला, उगाच तुमचं मन फिरायला नको." बाबांच्या घराला गिऱ्हाईक त्याने आधीच हेरून ठेवलं होतं.

"मग वकील कशाला? मीच टाइप करतो," म्हातारा म्हणाला. फी वाचली म्हणून लेक खूश.

नोंदणी कार्यालयात तो घोड्यावर बसूनच आला. बाबांनी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली, अंगठा उठवला, फोटोही काढून घेतला. साहेबांनी त्यालाच विचारलं, "राजीखुशीने ना? कुणाचा दबाव?"

"दबाव कसला साहेब, घरचाच मामला!"

शिक्का बसला. बाहेर येऊन लेकाने पहिल्यांदाच कागद वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. अधिकार देणारा म्हणून त्याचंच नाव होतं. त्याचा फ्लॅट विकण्यापर्यंतचे सगळे अधिकार त्याने बाबांना देऊन टाकले होते.

"बाबा, हे आत्ताच्या आत्ता रद्द करा!"

"कसं करणार? ते कलम तूच घालायला लावलंस." म्हाताऱ्याने चष्मा खिशात ठेवला. "आता त्या तुझ्या गिऱ्हाइकाला फोन लाव. तुझा फ्लॅट दाखवून येऊ."