तत्काळ प्रतिसाद

कंट्रोल रूममध्ये गॅस लाइनच्या प्रेशरचा काटा लाल पट्ट्यात घुसला आणि अलार्म कोकलायला लागला. त्या लाइनवर अख्खी वस्ती आहे, माझी मावशीही तिथेच राहते. पण व्हॉल्व्ह बंद करायला साहेबांची परवानगी लागते, आणि अलार्मने डोकं उठतं म्हणून साहेबांनी केबिनला जाड काच बसवून घेतलीय. मी धावतच वर गेले.

"साहेब, प्रेशर फार वाढलंय! आता काहीतरी करायलाच हवं."

साहेब ताडकन उभे राहिले. चहा शर्टावर सांडला, त्याचंही भान नाही. एका हाताने टाय सारखा करत दुसऱ्या हाताने त्यांनी फोन उचलला. या माणसाला इतक्या चपळाईने हलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. खोटं कशाला बोलू, क्षणभर अभिमानच वाटला.

"कुणाचं? मंत्र्यांचं की चेअरमनसाहेबांचं?"

"लाइनमधलं, साहेब. गॅसचं."

फोन खाली ठेवून, घाम पुसून साहेब पुन्हा खुर्चीत रेलले.



"गॅसचं होय! अहो बाई, जीव घ्याल एखाद्या दिवशी माणसाचा!"