बिनआरशाचं घर

घरात आरसा नव्हता. कामावरून आली की मावशी चपला काढून भाचीसमोर उभी राहायची आणि नाच शिकवायची. तिनं उजवा पाय उचलला की भाची डावा उचलायची. ही उलटापालट कोणाच्या लक्षात येईपर्यंत अंगात मुरली होती. आता नृत्यदिग्दर्शिका झालेल्या भाचीच्या पहिल्या मोठ्या प्रयोगाची तालीम होती. “सगळं जग उजव्या पायानं सुरुवात करतं,” निर्माता म्हणाला. “बदला, नाहीतर दुसरं कोणीतरी बघतो.” तिनं सुरुवातीचा पाय बदलला. नाच बिनचूक झाला, पण परक्या घरी अवघडून बसल्यासारखा. पहिल्या रांगेत बसलेली मावशीसुद्धा पेंगायला लागली. “परत, आपल्या पायानं,” भाची मुलींना म्हणाली. डावे पाय स्वप्नात चालल्यासारखे हलकेच उठले. रंगमंच विरघळून त्या बिनआरशाच्या घराएवढा उरला. निर्माता उठून गेला. मावशीनं जागं होऊन चपला काढल्या आणि उजवा पाय उचलला.