रिकामा पिन्याता

पुएब्ला शहरात पोरांच्या वाढदिवसांना विदूषक बनून जायला लागून मला बावीस वर्षं झाली. पूर्वी पोरं माझं लाल नाक ओढायची. हल्ली सिनेमात आणि गेममध्ये विदूषक नुसते गळे चिरत सुटलेत, त्यामुळे मला बघितलं की पोरं किंचाळतात. मेल्या सिनेमावाल्यांनी आमच्या पोटावर पाय दिला!

आज सहा वर्षांच्या इत्झेलकडे मात्र एकही पोर घाबरलं नाही. मला बरं वाटलं.

तिनं हट्ट करून पिन्यातासुद्धा सिनेमातल्या विदूषकासारखाच आणवला होता. लाल नाक, सुळे, गरगरीत पोट, असा माणसाएवढा कागदी विदूषक अंगणात दोरीला टांगलेला. पोट फोडलं की गोळ्या-चॉकलेटं खाली पडतात, म्हणून पोरं आळीपाळीनं दांडा घेऊन त्याच्यावर तुटून पडली.

"हाण! अजून हाण!" मोठी माणसं टाळ्या पिटत गात होती. एक हात उडाला. मुंडकं गडगडत माझ्या बुटांपाशी आलं. शेवटी पोट टराटरा फाटलं.

आत काहीच नव्हतं.

"अगं बाई!" इत्झेलच्या आईनं कपाळावर हात मारला. "दुकानवाले रिकामाच देतात, मी भरायलाच विसरले! थांबा रे, पिशवी आणते." ती घरात पळाली.

पोरांनी भोकाड पसरलं. इत्झेलनं डोळे पुसले आणि माझ्या उशी बांधलेल्या पोटाकडे टक लावून पाहिलं.



"रडू नका रे," दांडा उचलत ती म्हणाली, "गोळ्या या दुसऱ्यात असतील."