हसऱ्या भिंतीतली खिडकी

"काका, आजचा दिवस सोडा," गाईड म्हणाला. "आज त्याचा वाढदिवस आहे."

"मेलेल्या माणसाचा कसला वाढदिवस?" सुतार म्हणाला. "माझी आई वर जिवंत आहे. ही माणसं बाजूला घे. खिडकी फोडली की वरून रंगाच्या खपल्या पडतील."

गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. समोरच्या कॉफीच्या दुकानाने सगळ्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या होत्या. भिंतीवर त्या मेलेल्या नटाचा रंगवलेला दोन मजली चेहरा. त्याच्या ज्या हसण्यावर जग भाळलं, ते हसू बरोबर सुताराच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीवर आलं होतं. चार दात डाव्या झडपेवर, चार उजव्या.

गाईडने सुताराकडे पाठ फिरवली आणि आवाज चढवला. "त्या कोपऱ्यावर त्याची पहिली गाडी बंद पडली. त्या दुकानातून तो टोप्या घ्यायचा. आणि या हास्यामागे जी खोली आहे ना, नाव होण्याआधी तो तिथे उपाशीपोटी राहिला."

"त्या खोलीत चाळीस वर्षं माझी आई राहते!" सुतार ओरडला. "तुझा हिरो झोपायचा कुठे? तिच्या पलंगाखाली?"

माणसं खो खो हसली. एका बाईने त्याच्यासमोर मोबाईल धरला आणि गाईडला विचारलं, "हे पण तिकिटात आहे का?"

सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिला काय बोलणार? राग खरा ज्याच्यावर काढायचा, तो माणूस तो स्वतःच होता. मागच्या वर्षी चित्रकार आला, म्हणाला, दातांतून फट जाता कामा नये. सुतारही त्या नटाचा वेडा. त्याने झडपांवर रंधा मारला, फटी बुजवायला तेल-खडूची लांबी भरली, काचपेपर घासला, पुन्हा भरली, पुन्हा घासली. डोळे मिटून हात फिरवला तर लाकूड कुठे संपलं आणि भिंत कुठे सुरू झाली ते कळेना. "असं काम मी पाहिलं नाही, मिस्त्री," चित्रकार म्हणाला, आणि हा गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. म्हातारी तेव्हा धडधाकट होती. "चला, आता मी हिरोच्या दाढेखाली झोपणार," म्हणून तीही हसली होती.

आठवडाभर तिला धाप लागत होती. कालपासून आडवं होता येत नव्हतं. दुसरी खोली म्हणजे त्याचं कामाचं ठिकाण, कानाकोपऱ्यात भुसा, तिथे तिला हलवता येत नव्हतं. सकाळी डॉक्टरीणबाई आईच्या खोलीत आल्या, त्यांनीच आधी पदराने वारा घेतला. "अहो, खिडकी उघडा."

"ती उघडत नाही."

"कोणी बंद केली?"

सुताराने खाली मान घातली. खिडकी उघडायच्या परवानगीसाठी वॉर्डाच्या कचेरीत तो तीनदा जाऊन आला होता. चित्र आता प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत गेलं होतं. समिती पुढच्या महिन्यात बसणार होती. म्हातारी आजच बसून होती.

कॉफीवाला गर्दीतून वाट काढत आला. तो गोड बोलला. "मिस्त्री, या भिंतीवर माझं दुकान चालतं. आणि हे तुमच्याच हातचं काम ना? स्वतःचं काम कोणी फोडतं का?"

"माझ्याच हातचं आहे," सुतार म्हणाला. "म्हणून तर फोडणार. दुसऱ्या कोणाला ते जमणारही नाही."

तो जिना चढला.

आई पलंगावर दोन उशांना टेकून बसली होती. एकेक शब्दासाठी तिला थांबावं लागत होतं. "भांडलास... का रे?"

"नाही."

"खोटारडा. इथवर... ऐकू आलं."

त्याने पटाशी दोन झडपांच्या मध्ये लावली आणि हातोडी हाणली. पटाशी उडाली. लांबी दगडासारखी धरली होती. दुसरा घाव घातला, तिसरा घातला. "मर मेल्या," तो पुटपुटत होता, "आणखी भर लांबी. घे शाबासकी. घे!" खालून कोणीतरी ओरडलं, पोलिसांना बोलवा. सहाव्या घावाला सुरीच्या पात्याएवढा उजेड आत आला. मग त्याने हातोडी टाकली, खांदा लावला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन रेटलं.

झडपा धाडकन उघडल्या. रंगाच्या खपल्या गल्लीत पडल्या आणि सगळ्या गर्दीच्या तोंडून एकदम "अरेरे" निघालं.

आई दचकली. "कोण गेलं रे?"

"कोणी नाही. तू श्वास घे."

त्याने तिला उशांसकट उचललं आणि खिडकीपाशी खुर्चीत आणून बसवलं. वारा तिच्या विरळ केसांत शिरला. तिने तोंड उघडून हवा घेतली, परत घेतली, आणि डोळे मिटले. खाली शंभर माणसं मान वर करून बघत होती. हळूहळू एकेक मोबाईल पुन्हा वर गेला.

"आजी," खालून एक पोरगी ओरडली, आवाजात अगदी लाघव, "जरा बाजूला व्हा ना, प्लीज. फोटोत येताय."

म्हातारी आयुष्यभर सगळ्यांना जागा करून देत आली होती. तिने खुर्चीचा हात धरला आणि सरकायला लागली.

सुताराने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "इथून हलायचं नाही."