चोविसावा ठोका

शेवटचा चिंचोका खिडकीबाहेर टाकून इनासने चर्चच्या घंटेचा दोर सोडला. तेवीस चिंचोके, तेवीस ठोके. एकाहत्तरच्या लढाईत कामी आला तेव्हा त्याचा मित्र सिमांव तेवीस वर्षांचा होता, आणि गेलेल्याच्या वर्षदिनी त्याच्या वयाइतके ठोके द्यायची गावाची रीत होती. ते काम इनासचं. तो दरवर्षी चोवीस द्यायचा. शाळेत सिमांवच्या पाटीत डोकावून गणितं सोडवणाऱ्याकडून दुसरी काय अपेक्षा? खाली गाव गालात हसायचं.

यंदा मात्र त्याने चिंचोके घरूनच मोजून आणले होते, बायकोकडूनही मोजून घेतले होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी का होईना, गणितात पास झालो, या ऐटीत तो जिना उतरला.

खाली सिमांवची थोरली बहीण मोनीबाय अजून मान वर करून उभी होती. "थांबलास का रे?"

"तेवीस झाले, बाय. या खेपेला बरोब्बर."

शाबासकीची वाट बघत तो उभा राहिला. तिने डोळ्यांना पदर लावला.

"तुझ्या चुकीने दरवर्षी तो चोविसाव्यात जायचा. तेवढं ऐकायलाच येते मी."

इनासला स्वतःच्या अकलेची कीव आली. जन्मात एक काम चोख केलं, तर नेमकं हे. गुडघ्यांना शिव्या घालत तो पुन्हा वर चढला आणि दोर ओढला.

घरी निघालेली माणसं थबकली, एकमेकांकडे बघून हसली.

"चुकला. याही वर्षी चुकला."