गाडीचं कुंपण

झटका मशीन चोरीला गेली असंच अन्नपूर्णाला वाटलं होतं. त्यामुळे वावरातून घरापर्यंतच्या वाटेवर तिने चोराच्या सात पिढ्या उद्धरल्या. मेल्याचे हात झडोत, इथपर्यंत ती आली होती, तोच स्वतःच्या फाटकाशी तिला ओळखीचा आवाज ऐकू आला. टक्. टक्. टक्.

वावराच्या तारेत रात्रभर झटके सोडून रानडुकरांना धुऱ्याच्या बांधावरूनच परत पाठवणारा तो डबा तिच्याच अंगणात, बॅटरीच्या शेजारी ठेवलेला होता. चार बांबू रोवले होते, त्यांना वावरासारखीच तीन पदरी तार ओढली होती. आणि तारेच्या आत, नवरदेवासारखी चकचकीत, कैलासची साडेतीनशे सीसीची मोटारसायकल.

कैलास, तिचा नवरा, खांद्यावर फडकं टाकून शेजारच्या कुंदनला समजावून सांगत होता. “कव्हर घातलं तं वांदरानं कव्हर फाडलं. काटेरी फांदी ठेवली तं फेकून देल्ली. काल सीट फाडली, आरशाले चापटा मारे. आता लाव म्हना हात.”

“डोकं लावलं ना भाऊ तुमी,” कुंदन म्हणाला.

या गाडीचं कौतुक अन्नपूर्णाला तोंडपाठ होतं. दसऱ्याला आणल्यापासून दर रविवारी तिला शाम्पूने आंघोळ, साखळीला तेल, टाकीला पॉलिश. पुसायला अन्नपूर्णाचंच मऊ झालेलं सुती लुगडं, कारण बाजारच्या फडक्याने म्हणे ओरखडे पडतात. कैलास गाडीवर रोज सेलूला ड्युटीवर जायचा, पण वावराच्या वाटेला गिट्टी आहे म्हणून तिकडे गाडी कधी वळली नाही. मागच्या सीटवर अन्नपूर्णा एकदाच बसली होती, दसऱ्याच्याच दिवशी. ती उतरल्यावर त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “जोडव्यानं रंग खरवडते.” त्यानंतर ती बसली नाही, आणि त्यानेही बस म्हटलं नाही.

“मशीन काऊन आणली?” तिने विचारलं.

“अवं, काल ड्युटीवरून आल्यावर पायी जाऊन आणली, आज तू वावरात गेल्यावर तार ओढली. चार दिवसाचं काम हाये. एकडाव झटका बसला का वांदरं इकडं फिरकत नाई. मंग नेऊन लावतो वावरात.”

“अन डुकरं?”

“डुकरं काय रोज येते?”

तिने ओटीचा पदर सोडला. उपटलेला हरभरा भुईवर पडला. घाटे चावून थुंकलेले, मुळांना ओली माती. तिचे हात, पदर, सगळं आंबेने भिजलेलं होतं. हरभऱ्याच्या पानावर सकाळी जमणारं ते आंबट पाणी कातडीलासुद्धा चुरचुरतं.

“रातीच आलते,” ती म्हणाली. “नाल्यापासून बाभळीपर्यंत झोपवला चना. उरला तो आज राती डुकरं नेते.”

कुंदन आपल्या चपलेकडे बघू लागला. कैलासने एक झाड उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. त्याला वाईट वाटलं होतं, तिला ते दिसलं. तेवढ्यावर तो गप्प बसला असता तरी पुष्कळ होतं.

“फोटो काढला का?” तो म्हणाला. “भरपाईचा अर्ज करता येते.”

अन्नपूर्णाच्या मस्तकात तिडीक गेली. पेरणी तिची, निंदण तिचं, थंडीत पाणी द्यायला गुडघाभर चिखलात उभी राहणारी ती. आणि हा माणूस वांदरांसाठी कुंपण घालतो आणि डुकरांसाठी अर्ज. ती सरळ तारेकडे निघाली.

“थांब!” कैलास ओरडला. हातातलं झाड टाकून त्याने उडी मारली आणि बटण बंद केलं. टक्‌टक् थांबली. तो धापा टाकत होता, चेहरा पार उतरला होता. लग्नाच्या एकोणीस वर्षांत तिच्यासाठी त्याने अशी उडी कधी मारली नव्हती. तिचा हात तसाच हवेत राहिला, आणि कुणाला सांगायची लाज वाटावी इतकं तिला बरं वाटलं.

“हाताले आंब हाये तुया,” तो म्हणाला. “टाकीले लागली तं पॉलिश जाते.”

ती वाकून तारेखालून आत गेली. दोन्ही तळहात टाकीवर ठेवले, अगदी सपाट, आणि तशीच उभी राहिली. कैलासने फडकं हातात घेतलं, पण पुढे यायचं धाडस त्याला झालं नाही. शेजारच्या कौलांवर वानरांची टोळी येऊन बसली होती. तीही बघत होती.

मग तिने हात उचलले. टाकीवर दोन पंजे उमटले होते. तारेचा आकडा ओढून काढला, पदराची चुंबळ केली, बॅटरी डोक्यावर घेतली. डबा काखेत मारला आणि ती फाटकाबाहेर पडली.

कैलास तिच्यामागे फाटकापर्यंत आला.

“अवं, जड हाये ते. बस, गाडीनं सोडतो वावरात.”

तिने मान वळवली नाही. डोक्यावर बॅटरी होती.

“माह्या पायात जोडवी हाये,” ती म्हणाली.