हेरॉन लेक लीगचे राहिलेले हस्तांदोलन

सुज्ञ वाचकहो, कॅनडातील हेरॉन लेक या बंद पडलेल्या आइस हॉकी लीगचा शेवटचा सामना अखेर कसा समाप्त झाला, ते मी येथे नम्रपणे निवेदन करीत आहे.

अंतिम सामना संपला की दोन्ही संघांनी ओळीने हस्तांदोलन करावे, असा तेथील रिवाज. परंतु तो सामना हिमवादळाने अर्धवट राहिला आणि त्याच वर्षी लीग बुडाली. त्या खेळाडूंपैकी आता दोघेच हयात होते, ऑर्विल आणि विरुद्ध संघाचा मर्डो. मर्डो उद्या मुलीकडे कायमचा निघणार होता. तत्पूर्वी रिवाज पुरा व्हावा, एवढीच ऑर्विलची इच्छा होती.

भर दुपारी दोघे ओसाड रिंगणात उभे राहिले. बर्फाच्या जागी धूळ होती.

"आण हात, म्हाताऱ्या. पण हरलात तुम्हीच!" मर्डो म्हणाला.

"स्वप्नात!" ऑर्विल हसला.

हात मिळाले आणि सुटले. मर्डो पुढे सरकला.

तोच ऑर्विलच्या रित्या पंजात दुसरा हात आला, घामाने ओला. तो सुटताच तिसरा आला.

"अरे, कुणाशी हात मिळवतोयस?" मर्डो ओरडला.

हातामागून हात येत होते. शेवटचा मात्र सुटेना. तो त्याला ओळीत ओढू लागला.

वाचकांचा ऋणी,
केरू रखमाजी शेलार